सरसकट ओत्सुकारे मिळणार नाही

बारकू भोये पहाटे पावणेचारला उठायचा. गजर लावत नसे. मुसळगावात आमच्या खोल्या शेजारी होत्या आणि मधली भिंत एकेरी विटेची होती, म्हणून मला माहीत आहे. चारला त्याचा स्टोव्ह पेटे. साडेचारला तो भाकरी फडक्यात बांधे. पाचला तो सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कंपनीच्या गेटवर असे. पहिली पाळी सातची. पाचला यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं म्हणणं, सातला माणसं आली की फरशी दिसत नाही, नुसते बूट दिसतात. मग झाडायचं काय?

तो हरसूलजवळच्या पाड्यावरचा. पावसाळ्यात घरी भात आणि नागली, एरवी मिळेल तिथे मजुरी. १९९३ साली आमच्या कंपनीचं बांधकाम चाललं होतं, तेव्हा तो घमेली वाहायला आला. बांधकाम संपलं, सगळे मजूर गेले, याला कंत्राटदाराने झाडू दिला. तेव्हापासून तो प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग घडवायच्या शेडमध्ये, सफाईला होता. कंत्राटी. त्याच्या गणवेशावर नाव नव्हतं, त्याला लॉकर नव्हतं, कंपनीच्या हजेरीपटावर तो नव्हताच.

मी त्याच शॉपमध्ये फिटर होतो. नोकरीच्या सगळ्या वर्षांत नीट काम करणारी माणसं मी मोजकीच पाहिली. त्यातली दोन एकाच वर्षी मशिनखालच्या एकाच खड्ड्यात उभी होती. एक बारकू. दुसरा जपानी.

१९९५ च्या मार्चमध्ये जपानहून तीन मोठ्या प्रेस आल्या आणि त्या बसवायला इनागाकी नावाचा माणूस आला. साहेब नव्हे, आमच्यासारखाच फिटर. बुटका, मान जाड, नखांत ग्रीस. त्याला इंग्रजी येत नव्हतं. आमच्या साहेबांना त्याच्याशी बोलायला फक्त इंग्रजी होतं. बारकूला ना इंग्रजी येत होतं ना जपानी, त्यामुळे त्या दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

सकाळी इनागाकी शेडमध्ये शिरला की हनुवटी इंचभर खाली आणून म्हणायचा, "ओस्." बारकू झाडू थांबवून, हनुवटी तेवढीच खाली आणून म्हणायचा, "ओस्." रामरामाचा हा जपानी प्रकार बरोबरीच्या गड्यांचा आहे, वरच्या माणसाला तो करायचा नसतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर बारकू सगळ्यांना करत होता. मॅनेजिंग डायरेक्टर हार घालून गेटमधून आले, त्यांनाही केला. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, याला पाणी द्या, घसा धरलाय.

संध्याकाळी हात धुताना इनागाकी दुसरा शब्द म्हणायचा. "ओत्सुकारे." म्हणजे, थकलास बाबा. राबलास, दिसलं मला. आता गंमत अशी की कंपनीचे साहेब साडेपाचच्या बसने गेलेले असत. इनागाकी आठपर्यंत प्रेसच्या खड्ड्यात असे, आणि त्याला पाना द्यायला, दिवा धरायला, सांडलेलं तेल पुसायला शेवटपर्यंत बारकूच उरे. आठ महिन्यांत इनागाकीने हा शब्द बारकूलाच म्हटला, कधी मला. त्यावरून बारकूने धरलं की हा शब्द राबलेल्या माणसालाच म्हणायचा असतो. न राबलेल्याला नाही. जपानात तो शब्द कचेरीतून घरी जाणारा प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

आणखी एक गोष्ट आम्ही इनागाकीकडून उचलली. मशिन चालू करण्याआधी तो खिशातून एक फुटी स्टीलची पट्टी काढायचा, कॉलरमधून पाठीवर घालायचा, वरखाली चांगली दहाबारा वेळा फिरवायचा, मग मशिनला दोन थापा मारायचा आणि बटण दाबायचा. रोज. न चुकता. आम्ही म्हटलं, जपानी शिस्त आहे. सगळ्या शॉपने सुरू केली.

आणि एक चित्र. इनागाकी कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहायचा. तिथे आंघोळीला बादली आणि मग. त्याचा त्याला फार त्रास होई. एकदा त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर बारकूला काढून दाखवलं: मोठी टाकी, खाली जाळ, टाकीत गळ्यापर्यंत माणूस, डोळे मिटलेले. मग खुणांनी सांगितलं. आधी बाहेर साबण लावून अंग धुवायचं. स्वच्छ झाल्यावर आत बसायचं. साबण आत न्यायचा नाही. तेच पाणी घरातले सगळे वापरतात. दिवसभर राबून आल्यावर नुसतं बसायचं.

इनागाकी ऑक्टोबरात गेला. बारकूने तो पुठ्ठा जेवणाच्या पिशवीत ठेवला. मला म्हणाला, "परमनंट झालो का हे करीन."

"एवढी टाकी कशाला? सोळा बादल्या पाणी लागेल."

"सोळा नाय. तीस. मोजलंय."

इनागाकी गेल्यावर बारकू त्याचं काम चालवू लागला. पाळी सुटताना तो टाइम ऑफिसपाशी झाडू घेऊन उभा राही. माणसं कार्ड पंच करून एकेक बाहेर पडत. बारकू बघे. दिवसभर झाडू घेऊन तो सगळ्या शेडमधून फिरलेला असायचा, त्यामुळे कोण काय करत होतं हे त्याला सुपरवायझरपेक्षा जास्त माहीत. जो राबला त्याला "ओत्सुकारे." बाकीच्यांना "ओस्."

पहिले दोन महिने लोक हसले. मग हसणं कमी झालं. मग मुसळगावात बायका नवऱ्यांना विचारू लागल्या, आज मिळालं का. फोर्कलिफ्टवाल्या लखनने एकदा नळाखाली डोकं आणि सदरा भिजवून गेट गाठलं. बारकूने नुसता वास घेतला.

"नळाचं हाय," म्हणाला. "ओस्."

मला आठवड्यातून तीनचारदा मिळे. ज्या दिवशी मिळत नसे त्या दिवशी का मिळालं नाही हे मला माहीत असे.

युनियनचा बाळाजी बागूल याला कधीच मिळालं नाही. तो दिवसभर शेडमधून माणसांना भेटत फिरायचा. शेवटी त्याने गेटसभा घेतली. टेबलावर उभा राहून म्हणाला, "कामगारांत फूट पाडण्याचा हा डाव आहे! ओत्सुकारे हा कामगाराचा हक्क आहे! तो सरसकट मिळाला पाहिजे!" टाळ्या पडल्या. १९९९ च्या मागणीपत्रात हे कलम चौदा म्हणून खरोखर लिहिलं गेलं. तेरा नंबर कॅन्टीनच्या चहाचा होता, पंधरा गमबुटांचा.

बारकूने सभा संपल्यावर टेबल जागेवर नेऊन ठेवलं. बाळाजीला म्हणाला, "टेबल तू उचललं असतंस तं म्हणलो असतो."

आता गर्गे साहेब. आमचे पर्सोनेल ऑफिसर. मूळ पंचवटीतले, पांढरा सदरा, टाय. माणूस वाईट नव्हता. जपानी पद्धतींवर त्यांच्याकडे मुंबईहून आणलेली जाड पुस्तकं होती आणि त्यांनी भिंतीभिंतीवर पाट्या लावल्या होत्या. त्या पाट्या पुसायचं काम बारकूकडे होतं. साहेबांना आठ वर्षांत एकदाही ओत्सुकारे मिळालं नव्हतं. ते विषय काढत नसत, पण गेटमधून जाताना त्यांची चाल मंद व्हायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

२००४ च्या जानेवारीत दोन गोष्टी एकदम आल्या. कंत्राटी लोकांतून काही जणांना कायम करायचं ठरलं. आणि विलायतेहून पाहुणे येणार अशी बातमी आली. त्यांची तिकडे मोटारीच्या भागांची कंपनी होती. त्यांना जपानी पद्धत आपल्याकडे सुरू करायची होती आणि ती चालू स्थितीत कुठेतरी बघायची होती. जपान महाग पडत होतं.

पाहुण्यांच्या दोन दिवस आधी गर्गे साहेबांनी बारकूला केबिनमध्ये बोलावलं. मी त्या वेळी केबिनच्या दाराचं बिजागर बसवत होतो.

"बारकू, परमनंटची यादी माझ्याकडे आहे. अकरा नावं. अकरावं तुझं. सध्या पेन्सिलीने आहे."

"बरं."

"परवा गेटवर पाहुण्यांसमोर मला ते म्हणायचं. आणि अर्धवट नाही. ओत्सुकारे-सामा देशिता. वरिष्ठांना पूर्ण म्हणतात."

"परवा तुम्ही काय काम करणार साहेब?"

"पाहुण्यांना प्लांट दाखवणार."

"त्यानं थकाल का?"

"अरे, मी तुझा पर्सोनेल ऑफिसर आहे!"

"ते हाय. पण थकाल का?"

साहेबांनी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. बारकूला वाचता येत नव्हतं, हे ते विसरले. "हे बघ. जपानात सगळे सगळ्यांना म्हणतात. न थकलेल्यालासुद्धा."

"पुस्तकातला जपानी मी पाह्यला नाय," बारकू म्हणाला. "मी पाह्यला तो आठ वाजेपोत खड्ड्यात असायचा."

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "म्हणून टाक की रे. एक शब्द आहे. तुझी टाकी होईल."

"आन् मंग टाकीत बसून काय आठवू? गर्गे साहेब?"

पाहुणे आले. बर्टन नावाचे उंच, मान लाल झालेले गृहस्थ आणि त्यांच्या कंपनीतल्या एक बाई. सकाळपासून गर्गे साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. पाहुण्यांनी चहा घेतला. दुपारी तीनला दुसरी पाळी सुरू होताना ते प्रेस शॉपमध्ये आले आणि थबकले. चाळीस माणसं ओळीने उभी, प्रत्येकाच्या कॉलरमध्ये स्टीलची पट्टी, सगळे पाठ खाजवताहेत.

बर्टननी गर्गे साहेबांना विचारलं, हे काय आहे. पाळी सुरू होताना साहेब शेडमध्ये कधी आलेच नव्हते. पुस्तकात पट्टी नव्हती.

"ते बारकूला माहीत आहे," कोणीतरी म्हणालं.

बारकूला आणलं. स्नेहल नावाची ट्रेनी इंजिनिअर होती, नाशिकची, इंग्रजी चांगलं. तिला मध्ये उभं केलं. बारकू उलट्या क्रेटवर बसला आणि सुरू झाला.

"सांग त्यांना, जपानी माणूस हरसूलच्या माणसासारखा असतो."

स्नेहलने सांगितलं. बर्टननी वही काढली आणि हरसूलचं स्पेलिंग विचारलं.

"चप्पल दाराबाहेर. जमिनीवर बसतो. भात खातो, मासे खातो. जेव म्हणलं तं नको म्हणतो. दुसऱ्यांदा नको म्हणतो. तिसऱ्यांदा दोन ताटं जेवतो. आंब्याच्या दिवसांत जरा चिडका होतो."

"काका," स्नेहल हळूच म्हणाली, "हे सगळे जपानी की एकच?"

"मी पाह्यले तेवढे सगळे."

तिने तसंच सांगितलं. पुढे पट्टी. बारकूने समजावलं, पाठीला खाज असली की लक्ष पाठीत राहतं आणि हात मशिनमध्ये जातो. म्हणून आधी पाठ. बर्टननी विचारलं, पट्टी लाकडी चालेल का. "नाय. लाकडी गुळगुळीत होते." बर्टननी माझी पट्टी मागून घेतली, कोट काढला, पाठीवर घातली आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. बाईंनी त्यांचा फोटो काढला.

मग बारकूने पिशवीतून पुठ्ठा काढला. आठ वर्षांत त्याचे कोपरे गोल झाले होते. त्याने टाकी दाखवली, जाळ दाखवला, आधी बाहेर अंग धुवायचं हे दोनदा सांगितलं. बर्टन म्हणाले, आम्हीही घरी टबात बसतो.

"आंघोळ करून मंग बसता ना?"

स्नेहलने विचारलं. नाही म्हणाले, टबातच आंघोळ करतो.

बारकू विचारात पडला. "म्हंजे ज्या पाण्यात मळ काढला त्याच्यातच बसून राहता?"

"काका, मी हे नाही विचारत."

"विचार. ते आपल्याला इचारतात तं आपणबी इचारावं."

तिने विचारलं. बर्टन आणखी लाल झाले. बाईंकडे वळून काही बोलले. मग म्हणाले, होय, आणि वरून फेसही असतो.

बारकूने त्यांच्याकडे फार मायेने बघितलं. "पाणी गरम तरी असतं का?"

"असतं."

"मंग ठीक."

साडेपाचला जनरल पाळी सुटली आणि सगळे गेटवर आले. आज काय होणार हे अख्ख्या कंपनीला ठाऊक होतं. बिजागर बसवताना मी जे ऐकलं ते मी फक्त दोघांना सांगितलं होतं. शंभर माणसं कार्ड पंच करूनही घरी गेली नव्हती. बारकू झाडू घेऊन जागेवर उभा.

मला म्हणाला, "ओत्सुकारे." त्या दिवशी मी प्रेसच्या दोन डाय, म्हणजे जड साचे, बदलल्या होत्या.

बाळाजीला, "ओस्."

स्नेहल आली. सकाळी नऊपासून बोलून तिचा आवाज बसला होता. बारकूने तिच्याकडे बघितलं. हात न हलवणाऱ्या माणसाला त्याने आजवर कधी म्हटलं नव्हतं. "ओत्सुकारे," म्हणाला. आम्हाला म्हणाला, "घसा राबला पोरीचा."

बर्टननी आशेने मान खाली केली. "ओस्." बाईंना, "ओस्." दोघांनी हनुवटी इंचभर खाली आणली. आनंदात होते.

शेवटी गर्गे साहेब. टाय घट्ट केलेला. बारकूने त्यांचे बूट पाहिले. हात पाहिले. काखा पाहिल्या. कोरड्या होत्या. साहेबांनी डोळे मोठे केले. केबिनच्या खिडकीकडे बघितलं, जिथे यादी होती. बारकूनेही तिकडे बघितलं. त्याने झाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मी त्याला अकरा वर्षं ओळखत होतो; झाडू त्याच्या हातात असा कधी हलला नव्हता.

"ओस्," म्हणाला.

बर्टननी स्नेहलला विचारलं, साहेबांना तो शब्द का नाही. स्नेहलने बारकूला खुणेने विचारलं.

"साहेब चांगले हायेत. आज थकले नाय, एवढंच."

तिला आवाज नव्हता, म्हणून तिने ते बर्टनच्या वहीत लिहून दिलं. बर्टन वाचून इतके हसले की त्यांना गेटचा दांडा धरावा लागला.

शुक्रवारी यादी लागली. दहा नावं. अकराव्या जागेवर खोडरबर घासून कागद पातळ झाला होता. उजेडाकडे धरला असता तर आरपार दिसलं असतं.

बाळाजी धावत आला. "बारकूदादा, तू फक्त हो म्हण. आत्ता गेट बंद करतो."

"नको. उद्या खड्डा साफ करायचाय."

त्याने बोर्डाखालची फरशी झाडली आणि पुढे गेला. त्या दिवशी भाकरी खाताना त्याने पुठ्ठा पिशवीतून काढला नाही. रोज काढायचा.

दोन नंबरच्या प्रेसखालचा खड्डा शनिवारी, सुट्टीच्या दिवशीच साफ करता येई. आत तेल, पाणी, लोखंडाचा चुरा. माणसाने उतरायचं, बादलीने उपसायचं, मग चिंध्यांनी पुसायचं. मी प्रेसचे बोल्ट बघायला गेलो होतो. बारकू शिडी लावत होता. इतक्यात गर्गे साहेब आले. जुनी पॅन्ट, अंगात मुलाचा क्रिकेटचा टीशर्ट, पाठीवर सात नंबर.

"मी उतरतो," म्हणाले.

"का?" बारकू म्हणाला.

साहेबांनी पॅन्ट दुमडली. "घरी सांगितलं सगळं. मला वाटलं, मीना चिडेल तुझ्यावर. ती म्हणाली, बरोबरच आहे त्याचं. तुम्ही थकता कुठे?" मग म्हणाले, "तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती बोलत होती. हाच विषय."

बारकूने शिडी धरली. साहेब उतरले आणि पहिल्याच पायरीला घसरून कमरेइतक्या काळ्या पाण्यात बसले. चष्मा बारकूने बादलीने काढला.

साडेतीन तास. मी घड्याळ लावून होतो. पहिल्या तासात त्यांनी जेवढं उपसलं त्यातलं अर्धं परत आत सांडलं. दुसऱ्या तासात सांडणं थांबलं. मग पुसणं. बारकू वरून बॅटरी मारायचा.

"त्या बोल्टच्या मागं."

"पुसलं."

"बोल्टच्या पुढं पुसलं. मागं हाय."

"अरे, मागे कोण बघणार आहे?"

"मी."

साहेब वाकले. चार वेळा वाकले. चौथ्या वेळी सरळ होता आलं नाही. मी आणि बारकूने काखेत हात घालून वर ओढलं. काखा ओल्या होत्या. नळाचं नव्हतं. माणूस नखशिखांत काळा, टीशर्टवरचा सात दिसत नव्हता. बाकाला धरून उभे राहिले. त्यांनी बारकूकडे बघितलं नाही. फरशीकडे बघत होते.

बारकू खड्ड्यात उतरला, बोल्टच्या मागे बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. वर आला. हनुवटी खाली आणली.

"ओत्सुकारे."

यावर उलट काय म्हणायचं, त्या पानावर साहेबांनी पुस्तकात खूण घालून ठेवली होती. ते सगळं विसरले. वाकून उत्तर द्यायला गेले आणि म्हणाले, "आई आई आई गं!"

"बरोबर हाय," बारकू म्हणाला. "इनागाकीबी उठताना असंच कायतरी म्हणायचा."

तिथेच, तेलकट बाकावर बसून, साहेबांनी पेन मागितलं. बोर्डावरची यादी खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. म्हणजे ठरवून आले होते.

बारकूने त्यांचा हात धरला. "खड्ड्याच्या बदल्यात नको साहेब. त्याचं झालं. म्हणलो मी."

"खड्ड्याच्या नाही," साहेब म्हणाले. "अकरा वर्षांच्या. मी त्या दिवशी खोडलं ते चूक होतं. ते मला खड्ड्यात कळलं नाही, त्याच्या आधी कळलं होतं. पण कळून काय, कंबर मोडेपर्यंत हात उचलला नाही." आणि अकरावं नाव पेनाने लिहिलं. कागद तिथे पातळ होता, पेन आरपार गेलं. पुढे पाच वर्षं त्या जागी भोक होतं आणि भोकाशेजारी बारकूचं नाव.

लॉकर मिळालं त्या दिवशी बारकूने त्यात फक्त पुठ्ठा ठेवला. कुलूप दोनदा ओढून बघितलं.

मे महिन्यात विलायतेहून पाकीट आलं. आत फोटो. राखाडी आकाश, मोठी शेड, तीस गोरी माणसं ओळीने, कॉलरमध्ये पट्ट्या, चेहरे गंभीर. सोबत बर्टनचं पत्र: चुका तर कमी झाल्याच, भांडणंही कमी झाली. गर्गे साहेबांनी फोटोची प्रत जपानला इनागाकीला पाठवली, या पद्धतीचा इतिहास कळवावा म्हणून. दोन महिन्यांनी उत्तर आलं. स्नेहलने कोणाकडून तरी वाचून आणलं. इनागाकीने माफी मागितली होती. पद्धत वगैरे काही नाही, सिन्नरच्या उन्हाने त्याला घामोळं आलं होतं.

आम्ही बारकूकडे बघितलं.

"मंग?" तो म्हणाला. "मला तरी कुठं नाय?" आणि पट्टी कॉलरमध्ये घातली. शॉपने ती पद्धत बंद केली नाही. विलायतेला आम्ही कळवलं नाही.

बारकूच्या कागदांवर जन्मतारीख एक जून १९५१. कुणीतरी टाकून दिलेली. त्या हिशेबाने तो २००९ च्या मेअखेर निवृत्त झाला. कायम नोकरीची पाच वर्षं. त्या पाच वर्षांत त्याने नवी सायकल घेतली नाही, मोबाइल घेतला नाही. पगारातून बाजूला काढत राहिला, आणि निघताना सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये चार मिलिमीटर पत्र्याची टाकी करून घेतली. वेल्डिंग मी तपासलं. दोन ठिकाणी परत करायला लावलं. टाकी टेम्पोत घालून त्र्यंबकवरून हरसूलला नेली, तेव्हा पाड्यावरच्या लोकांना वाटलं लग्न आहे. त्याची बायको फुलाबाई म्हणाली, "हिच्यात काय माणसं शिजवायची?"

"हो," म्हणाला.

नोव्हेंबरात मी गेलो. घरामागे दगडी चुलाण, वर टाकी, तळाला लाकडी फळी, बाजूला अंग धुवायची फरशी. भात कापणीचे दिवस होते. संध्याकाळी माणसं शेतातून येत, फरशीवर अंग धूत, पाळीपाळीने टाकीत बसत. आधी फुलाबाई, कारण तिने सगळ्यांत जास्त पेंढ्या बांधल्या होत्या. कोणी कधी बसायचं हे बारकू ठरवत होता. तीस बादल्या पाणी विहिरीवरून आणणारा शेवटी बसला: बारकू स्वतः. गळ्यापर्यंत पाणी, डोळे मिटलेले. पुठ्ठ्यावर होतं तसंच.

मी सदरा काढला.

त्याने एक डोळा उघडला. "आज काय केलंस?"

"नाशिकहून आलो. आधी एसटी, मग जीप."

"बसून?"

"जीपमध्ये अर्धं उभं राहून."

त्याने डोळा मिटला आणि पाण्यातून एक हात काढून चुलाणापलीकडे दाखवला. तिथे लाकडाचे ओंडके होते आणि कुऱ्हाड.

मी सदरा परत घातला. बारा ओंडके फोडले. दोन वाकडे फुटले, ते परत सरळ केले. तोवर त्याने काही बघितलं नाही, पण एकदा म्हणाला, "डाव्या बाजूचा राह्यला."

राहिला होता.